सगळ्यात वरचं खोकं : गोदामातल्या एका अपघाताचं प्रकरण

पार्श्वभूमी

नळजोडणीचं साहित्य साठवून दुकानदारांना पाठवणारं हे एक मध्यम आकाराचं गोदाम. ओळख पटू नये म्हणून जागा आणि माणसं यांच्याबद्दल याहून जास्त सांगत नाही. अपघातापर्यंतची साखळी मात्र जशी होती तशीच मांडली आहे.

गोदामाचे दोन भाग. मागे रॅक, पुढे पॅकिंग आणि डिस्पॅच. मधल्या भिंतीत एक रुंद दार आणि त्यावर आग लागल्यास खाली येणारं लोखंडी शटर. ऑर्डर आली की पिकर, म्हणजे माल गोळा करणारा कामगार, हातात पिकलिस्ट (काढायच्या मालाची यादी) घेऊन गाडी ढकलत रॅकच्या गल्ल्यांमधून फिरतो, एकेक खोकं काढून गाडीवर रचतो आणि दारातून पलीकडे पॅकिंगच्या टेबलापर्यंत नेतो. गाडी म्हणजे चार चाकांची सपाट ट्रॉली. मागे ढकलायला दांडा, बाकी तिन्ही बाजू उघड्या. चाकं १०० मिलिमीटर व्यासाची.

माल दोन जातींचा. एल्बो, टी, कपलिंग अशा प्लास्टिकच्या जोडांची खोकी मोठी आणि हलकी. पितळी व्हॉल्व्हची खोकी लहान आणि जड, एकेक १८ किलोच्या आसपास. पितळी माल दाराजवळच्या शेवटच्या गल्लीत ठेवलेला होता. जड माल लांबून ओढत आणायला लागू नये, असा त्यामागचा विचार. ज्याने कोणी हे ठरवलं त्याने कामगारांच्या पाठीचाच विचार केला होता. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

पिकलिस्ट कॉम्प्युटरमधून छापून येते ती रॅकच्या क्रमाने. पहिली गल्ली आधी, शेवटची शेवटी. म्हणजे हलकी खोकी आधी गाडीवर चढतात आणि पितळी माल सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर.

घटना

संध्याकाळची वेळ, ट्रक सुटायला थोडा अवधी राहिलेला. भरलेली गाडी दाराशी आली आणि पुढची चाकं उंबरठ्याच्या लोखंडी पट्टीला अडली. ही पट्टी जमिनीत बसवलेली. तिच्या कडेचं काँक्रीट झिजून, तुकडे उडून खाली गेलेलं, त्यामुळे साधारण १२ मिलिमीटरची पायरी तयार झाली होती. गाडी तिथे अडणं रोजचंच होतं आणि त्यावरचा उपायही रोजचा. गाडी दोन पावलं मागे घ्यायची, जोर घेऊन पुढे न्यायची. माल उंच असेल तर दुसऱ्या कोणीतरी पुढे येऊन वरच्या खोक्याला हात लावून उभं राहायचं.

त्या दिवशी हात लावायला आलेला मदतनीस पॅकिंगचा होता. गाडी धावत आली, चाकं पट्टीला आदळली, गाडी जवळजवळ जागच्या जागी थांबली आणि वरचं पितळी खोकं सरकून त्याच्या हातांमधून निसटलं. ते त्याच्या उजव्या पायावर, बोटांच्या मागच्या भागावर पडलं.

पायात सेफ्टी शूज होते. बोटांवर कडक टोपी असलेले, धड, फाटलेले नव्हेत.

पहिला अर्धा तास

त्याला बाजूच्या खोक्यावर बसवलं, पाणी दिलं. बूट काढला तर बोटं ठीक दिसत होती, पायाचा वरचा भाग लाल झाला होता. पाळीच्या सुपरवायझरने विचारलं, "चालता येतंय का बघ." तो चालला. लंगडत, दात आवळून, पण चालला. "मुका मार आहे, बर्फ लाव आणि बस," असं ठरलं. पाळी संपेपर्यंत तो बसून लेबलं चिकटवत होता.

हा पहिला निर्णय आणि तो चुकला. चालता येणं ही हाड शाबूत असल्याची खूण नाही. पायाच्या मधल्या भागात बोटांच्या मागे पाच लांब हाडं असतात, मेटाटार्सल. त्यातल्या एखाद्याला तडा गेला आणि ते जागेवरून हललं नाही, तर माणूस टाचेवर भार देऊन चालू शकतो. जड वस्तू उंचावरून पायावर पडली असेल तर चालवून पाहायचंच नाही. पाय टेकवू न देता, उंचावर ठेवून, एक्स-रे निघेल अशा ठिकाणी न्यायचं. सूज वाढत असेल, बोटं बधिर, गार किंवा पांढरी पडत असतील, किंवा मार लागला त्या मानाने वेदना फारच जास्त असतील, तर एक मिनिटही घालवायचं नाही. चिरडलेल्या पायात आतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटू शकतो.

इथे नशिबाने तेवढं झालं नाही. रात्री सूज वाढली, सकाळी बूट चढेना, मग एक्स-रे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मेटाटार्सलला तडा. हाडं जागेवरच होती, म्हणून शस्त्रक्रिया लागली नाही.

पहिला अहवाल

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने अपघाताचा अर्ज भरला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: 'गाडी वेगाने ढकलली. मालावर नीट लक्ष दिलं नाही.' 'उपाय' या रकान्यात: 'संबंधितांना समज दिली.'

यात एकही वाक्य खोटं नाही. गाडी वेगाने ढकलली हे खरंच आहे. पण व्यवस्थापकांनी हा अर्ज तसाच मान्य केला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं आणि उंबरठ्याशी रोजच्यासारखाच जोर लावणं सुरू राहिलं असतं. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणारे सुरक्षा-अभ्यासक हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली मांडलं की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात. हा आकडा अजूनही प्रशिक्षणाच्या वर्गात फळ्यावर लिहिला जातो. त्यावर नंतर झालेल्या टीकेतला एक मुद्दा इथे अगदी नेमका लागू पडतो. अशा आकड्यांचा पाया म्हणजे विमा आणि कारखान्यांमधल्या नोंदी, आणि घटनेची पहिली नोंद करतो सुपरवायझर. त्याच्या हातातल्या अर्जात माणसाच्या चुकीसाठी जागा असते, पिकलिस्टच्या क्रमासाठी रकाना नसतो.

इथे व्यवस्थापकांनी एक प्रश्न विचारून अर्ज परत पाठवला: "हा वेग त्याने का घेतला?" या प्रकरणातला दुसरा निर्णय हा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. सुरक्षेचं काम पाहणाऱ्या बाहेरच्या माणसाला बोलावलं गेलं ते यानंतर.

पुन्हा पाहणी

पाहणी मुद्दाम संध्याकाळी ठेवली, ट्रक सुटण्याच्या आधीच्या तासात. सकाळी आलं असतं तर अर्ध्या भरलेल्या, शांतपणे ढकललेल्या गाड्याच दिसल्या असत्या.

वेगाचं उत्तर दारातच मिळालं. चाक लहान आणि पायरी उंच असेल तर ते चढवायला लागणारा जोर झपाट्याने वाढतो. १०० मिलिमीटर व्यासाचं चाक १२ मिलिमीटरच्या पायरीवर स्थिर अवस्थेतून चढवायचं, तर त्या चाकावर जेवढा भार असेल त्याच्या साधारण ८५ टक्के इतका आडवा जोर लागतो. भरलेल्या गाडीला एका माणसाकडून तो मिळत नाही. धावत आणली तर गती मदतीला येते. म्हणजे त्या उंबरठ्यावर हळू आणि सांभाळून ढकलणारा अडकून पडत होता आणि जोरात आणणारा पार होत होता. गाडी ढकलणाऱ्या मुलाने हे आपल्या शब्दांत सांगितलं: "साहेब, हळू आणली तर पाच मिनिटं तिथंच उभं राहायला लागतं, मागं तीन गाड्या लागतात. मग तुम्हीच ओरडता."

आता वरचं खोकं. गोदामात जवळजवळ प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं: "एवढं जड खोकं सरकलंच कसं? जड वस्तू तर जागेवर बसते." हा समज इतका पक्का आहे की थोडं थांबून बघायला हवं. खोकं जड असलं की घर्षण वाढतं हे खरं. पण त्याला थांबवायला लागणारं बळही त्याच प्रमाणात वाढतं. दोन्ही बाजूंचं वजन एकमेकांना खाऊन टाकतं. गाडी अचानक थांबली की १८ किलोचं आणि २ किलोचं खोकं, बूड सारखंच असेल तर, सारखंच अंतर सरकतं. सरकणं ठरतं ते वेगावर आणि पुठ्ठा पुठ्ठ्यावर किती धरतो यावर.

घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकड किती हे सांगणारा आकडा, ०.४ धरला, पुठ्ठ्यासाठी तो वाजवी आहे, तर सेकंदाला १.२ मीटर या साध्या चालीच्या वेगाने येणारी गाडी एकदम थांबल्यावर वरचं खोकं सुमारे १८ सेंटिमीटर पुढे घसरतं. वेग १.५ मीटर झाला तर २९ सेंटिमीटर. वेग पावपटीने वाढला आणि घसरण दीडपटीहून जास्त झाली, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. पितळी खोक्याची लांबी ३० सेंटिमीटर. ते पुढच्या कडेला टेकवून ठेवलं असेल तर १५ सेंटिमीटर सरकताच त्याचा तोल कडेबाहेर जातो. म्हणजे धावायचीही गरज नव्हती. साध्या चालीने आदळली असती तरी खोकं पडलं असतं.

आणि ते पुढच्या कडेलाच ठेवलेलं होतं. का, तर दांड्याच्या बाजूला वरच्या खोक्यावर पिकर आपला स्कॅनर आणि पॅड ठेवतात. हात पोचेल अशी तीच जागा. ही सवय कोणाच्याही सूचनापत्रकात नव्हती, पण पाहिलेल्या बहुतेक गाड्यांवर दिसली.

बुटाचा प्रश्नही इथेच सुटला. सेफ्टी शूजच्या टोपीची चाचणी २०० ज्यूलच्या आघाताने करतात, म्हणजे साधारण २० किलो वजन एक मीटरवरून पडल्यासारखं. इथे १८ किलोचं खोकं पायाच्या वर सुमारे १.२ मीटरवरून पडलं, म्हणजे २१० ज्यूलच्या घरात. आकडा चाचणीच्या जवळचा असला तरी त्याला इथे अर्थ नाही, कारण टोपी बोटांपुरतीच असते आणि खोकं तिच्या मागे पडलं. तिथे वर नुसतं चामडं. त्या भागासाठी वेगळं कवच असलेले बूट मिळतात, पण इथे ते कोणाकडेच नव्हते. एवढ्या उंचीवरून पडायला वस्तूला अर्धा सेकंदच लागतो. दचकून पाय मागे घ्यायला तो पुरत नाही, त्यातही दोन्ही हात वर खोक्याला लावलेले असताना.

म्हणजे मदतनीस तिथे उभा होता तो सुरक्षेचा उपाय म्हणूनच. गोदामाने नकळत ठरवलेला, वर्षानुवर्षं चालत आलेला उपाय: उंच माल असला की कोणीतरी पुढून धरायचा. ज्या जागी काही पडलं तर पडणार, नेमकी तीच जागा त्याला दिलेली.

डॅमेज नोंदवही

पाहणीत सापडलेली सगळ्यात मोलाची गोष्ट सुरक्षेच्या फायलीत नव्हती. ती स्टोअरच्या टेबलावर होती. फुटलेल्या, चेपलेल्या मालाची नोंदवही. त्यात 'खोकं पडलं, व्हॉल्व्हचं हँडल वाकलं', 'कोपरा चेपला, दुकानदाराने परत पाठवलं' अशा नोंदी होत्या. कुठे पडलं हे लिहायची पद्धत नव्हती, पण स्टोअरच्या ताईंना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, "अहो, ते शटरपाशीच पडतं सगळं. दर आठवड्याला एखादं असतंच."

हे कोणी लपवलेलं नव्हतं. मालाचं नुकसान हिशेबाच्या वहीत जात होतं, माणसाचं नुकसान अपघाताच्या अर्जावर. एकच घटना, पायावर पडली तर एका कागदावर आणि जमिनीवर पडली तर दुसऱ्या. दोन्ही कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत.

कोणते पर्याय होते

बैठकीत व्यवस्थापक, दोन सुपरवायझर, स्टोअरच्या ताई, दोन पिकर आणि पायाला प्लास्टिकचा बूट घातलेला तो मदतनीस असे सगळे बसले. त्याला बोलवावं की नाही यावर आधी थोडी कुजबुज झाली होती. बोलावलं ते बरं झालं.

पहिली सूचना अपेक्षित होती: गाडी हळू ढकला, असा फलक लावा. ती लगेच बाजूला ठेवली. पायरी तशीच असताना हळू ढकलणं शक्यच नव्हतं, मग फलक पाळणार कोण.

दोन माणसांची सक्ती करा, असं एक सुपरवायझर म्हणाले. त्यावर मदतनीस बोलला, "साहेब, दोनच होतो की आम्ही. मी हात लावला नसता तरी खोकं पडलंच असतं, फक्त माझ्या पायावर पडलं नसतं." यानंतर त्या सूचनेवर कोणी बोललं नाही.

मेटाटार्सल कवचाचे बूट सगळ्यांना द्यावेत का? महाग, जड, दिवसभर चालणाऱ्याला त्रासाचे. आणि धोका टाळण्याच्या उपायांच्या उतरंडीत वैयक्तिक साधनांचा नंबर शेवटचा लागतो: आधी धोकाच काढून टाकायचा, नाहीतर बदलायचा, मग यंत्रणेने रोखायचा, मग नियम, आणि उरलंसुरलं अंगावरच्या साधनाने. हा पर्याय फक्त जड माल उतरवणाऱ्या चौघांसाठी राखून ठेवला.

जाळीच्या बाजू असलेली बंद गाडी पहिल्यांदा सगळ्यांना आवडली. पण पिकर तिच्यात माल भरायला लागले तेव्हा अडचण दिसली. खालच्या थरासाठी जाळीवरून वाकून खोकं आत सोडायचं, काढतानाही तसंच. पाठीचं दुखणं विकत घेण्यासारखं. शिवाय चौथी बाजू उघडताना आत सरकून टेकलेला माल उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून पूर्ण जाळी नको, पुढच्या बाजूला कमरेएवढी आडवी अडवण हवी, असं ठरलं.

मोठी चाकं बसवायची का, यावर बराच वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. २०० मिलिमीटरचं चाक त्याच पायरीवर चढवायला भाराच्या ८५ ऐवजी साधारण ५४ टक्के जोर लागतो. मोठाच फायदा. पण चाक मोठं झालं की गाडीचा पाटा ५ सेंटिमीटरहून जास्त वर जातो, कारण वळणाऱ्या चाकांचा साचाही उंच होतो. पाटा वर गेला की मालही वर, तोल वर आणि पडण्याची उंचीही वाढते. शेवटी १५० मिलिमीटरवर तडजोड झाली. तिथे आकडा ६५ टक्क्यांच्या आसपास येतो.

उंबरठा दुरुस्त करणं हा सरळ उपाय वाटतो, पण शटर आगीसाठीचं होतं. आग लागली तर ते जमिनीला टेकलंच पाहिजे. दारात कायमची उतरती पट्टी टाकली तर शटरखाली फट राहू शकते. काँक्रीट तोडून, भरून, पट्टीच्या पातळीत आणणं हाच धड मार्ग होता, आणि त्यासाठी काँक्रीट पिकेपर्यंत दार काही दिवस बंद. महिन्याच्या शेवटी ते बंद ठेवायला कोणी तयार होईना.

आणि पिकलिस्टचा क्रम. हा पर्याय बैठकीत सगळ्यात शेवटी आला, तोही पिकरकडून. "शेवटची गल्ली आधी केली तर?" क्रम उलटा केला तर पितळी माल पहिल्यांदा, पाट्यावर, तळाशी बसतो. वजन खाली गेल्यावर गाडीही डळमळत नाही. शिवाय जड खोक्यांनी हलकी दबत नाहीत. तोटा एकच, पण खरा: जड माल चढवलेली गाडी सगळ्या गल्ल्यांतून ढकलत न्यायची. मालाची जागा ठरवणाऱ्याने नेमकं हेच टाळलं होतं.

इथे दोन धोक्यांची तुलना करावी लागली. ढकलण्याचा जोर मोजता येतो. आयएसओ ११२२८ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दुसरा भाग ढकलणं आणि ओढणं यांसाठीच आहे आणि जोर, अंतर, वारंवारता पाहून शरीरावरचा ताण ठरवायची रीत त्यात आहे. सपाट फरशीवर चांगल्या चाकांची गाडी चालू ठेवायला भाराच्या मानाने अगदी थोडा जोर लागतो. खरा ताण सुरुवात करताना, वळवताना आणि अडल्यावर येतो. गल्ल्या सपाट होत्या. ऑर्डरमध्ये पितळी खोकी बहुधा दोन-चारच असत. म्हणून वजन जास्त काळ ढकलावं लागलं तरी चालेल, ते छातीपर्यंत उचलून वर ठेवावं लागू नये, असं ठरलं. १८ किलोचं खोकं छातीच्या उंचीवर चढवणं आधीच्या क्रमात रोज होत होतं. त्याची तक्रार कोणी केली नव्हती, पण पिकरच्या खांद्यांना ती माहीत होती.

काय केलं

कॉम्प्युटरमधला क्रम बदलायला वेळ लागणार होता. तोपर्यंत पितळी मालाच्या प्रत्येक ओळीपुढे पिकलिस्टवर लाल शिक्का मारायचा आणि त्या ओळी आधी उरकायच्या, असं हाताने सुरू केलं. शिक्का मारायचं काम स्टोअरच्या ताईंनी अंगावर घेतलं. दोन दिवस गोंधळ झाला, पिकर उलटसुलट फिरले, मग बसलं.

वरच्या खोक्याला हात लावून पुढे उभं राहणं त्याच दिवशी बंद केलं. अट घातली ती अशी: माल धरून ठेवावा लागतोय असं वाटलं तर तो जास्त झाला, दोन फेऱ्या करा. गाडीच्या दांड्याच्या खांबांवर रंगाची एक रेघ ओढली, साधारण छातीच्या खाली. त्याच्या वर माल नाही.

स्कॅनर आणि पॅडसाठी दांड्याला एक लहान खिसा लावला. सगळ्या उपायांत सगळ्यात स्वस्त आणि लगेच आवडलेला हाच.

उंबरठ्यासाठी दोन टप्पे. लगेच एक उचलता येणारी लोखंडी उतरती पट्टी. पाळी संपली की ती काढून भिंतीला लावायची, म्हणजे रात्री शटर अडणार नाही. आणि पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला काँक्रीटचं काम. दिवसा आग लागली आणि पट्टी दारात राहिली तर काय, हा प्रश्न बैठकीत आला. दाराशी ड्यूटीवर असलेल्याने ती ओढायची, असं ठरलं. मला हे कधीच पटलं नाही. आग लागल्यावर पट्टी आठवेल, यावर कोणताही आराखडा उभा करू नये. तिथल्या लोकांनी थोड्या आठवड्यांसाठी तो धोका पत्करला.

परिणाम

पट्टीने पहिल्याच आठवड्यात नवी अडचण दिली. उतारावरून पलीकडे गेलेली गाडी आपोआप पुढे धावायला लागली आणि एक गाडी पॅकिंगच्या टेबलाला धडकली. कोणाला लागलं नाही आणि वरून काही पडलंही नाही, कारण पितळी माल तळाशी होता. पट्टीचा उतार लांबवून सौम्य केला. काँक्रीटचं काम ठरल्याहून उशिरा, पण झालं, आणि मग पट्टी गेली.

क्रम उलटा करायचा बदल कॉम्प्युटरमध्ये बसल्यावर लाल शिक्क्याची गरज उरली नाही. रेघेचं मात्र तसं झालं नाही. महिनाअखेरीला, ट्रक थांबलेला असताना, रेघेच्या वर माल गेलेल्या गाड्या सर्रास दिसतात. वर असतात ती हलकी खोकी, म्हणून पडली तरी पायाचं हाड मोडणार नाही, पण रेघ पाळली जात नाही हे खरं आहे. सुपरवायझरही त्या दिवशी दुसरीकडे बघतात.

मदतनीस सुमारे दोन महिन्यांनी पूर्ण कामावर परतला. आधी काही आठवडे बसून करायचं काम दिलं होतं. ते नीट ठरवून दिलेलं नव्हतं, म्हणून कधी बसून, कधी 'जरा एवढं आण ना' म्हणत उभं करून. हलकं काम द्यायचं तर काय करायचं आणि काय नाही हे लिहून द्यावं लागतं, नाहीतर सांगणाऱ्याला नाही म्हणायची वेळ दुखऱ्या पायाच्या माणसावर येते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या अर्ध्या तासातला निर्णय सगळ्यात सहज बदलता आला असता. जड वस्तू पायावर पडली की एक्स-रे, बाकी काही विचारायचं नाही, एवढा एक नियम भिंतीवर असता तर सुपरवायझरवर वैद्याची भूमिका आली नसती.

मालाची जागा ठरवताना पिकरला बोलावलं असतं तर 'जड माल दाराजवळ' या चांगल्या हेतूची दुसरी बाजू तेव्हाच कळली असती. रॅकचा नकाशा कागदावर काढताना अंतर दिसतं, गाडीवर काय आधी आणि काय नंतर चढेल हे दिसत नाही. ते गाडी भरणाऱ्यालाच माहीत असतं.

उंबरठ्याचं काम आधी करावं की क्रम आधी बदलावा, यावर मतभेद राहिला. एका सुपरवायझरचं म्हणणं, पायरी नसती तर काहीच झालं नसतं. बरोबर आहे. पण पायरी एका दारात होती आणि वर ठेवलेलं जड खोकं प्रत्येक गाडीवर. गाडी कशालाही अडू शकते: पुठ्ठ्याच्या तुकड्याला, चाकात गुंडाळलेल्या पट्टीला, समोर अचानक आलेल्या माणसाला. माझं मत क्रमाच्या बाजूने आहे, आणि काँक्रीटच्या कामाला उशीर झाला त्या काळात क्रमानेच निभावून नेलं.

जड माल उतरवणाऱ्या चौघांसाठी ठरवलेले कवचाचे बूट अजून आलेले नाहीत. मापं घेतली गेली, मग विषय मागे पडला.

डॅमेज नोंदवहीत आता 'कुठे पडलं' असा रकाना आहे आणि तिची एक प्रत दर आठवड्याला सुरक्षेच्या फायलीत जाते. शटरजवळच्या नोंदी जवळजवळ थांबल्या. सध्या सगळ्यात जास्त नोंदी मालवाहू लिफ्टच्या आहेत. लिफ्टचा पाटा आणि मजल्याची फरशी एका पातळीत थांबत नाहीत, मध्ये फटही आहे, आणि तिथेही कोणीतरी पुढून माल धरायला उभं राहतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांना पातळी नीट करायला सांगितलं आहे. ते येईपर्यंत लिफ्टमध्ये गाडी ओढत न्यायची नाही, ढकलतच न्यायची, आणि आत फक्त गाडी, माणसाने कोणी आत उभं राहायचं नाही, अशी सूचना दिली आहे.